हर्पिसचे व्हायरस एकाच घराण्यातले, मग त्यांची जीन्स ब्लास्टमध्ये जुळत का नाहीत?

तुम्ही ब्लास्टमध्ये, म्हणजे सिक्वेन्स जुळवून बघणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एचएसव्ही-१ (हर्पिस सिम्प्लेक्स व्हायरस) ची यूएल२७ नावाची जीन आणि सीएमव्हीची (सायटोमेगॅलोव्हायरस, तोही हर्पिसच) यूएल२७ समोरासमोर ठेवलीत आणि काहीच जुळलं नाही, बरोबर? हसू नका, पण मीपण हेच करून अख्खा वीकेंड घालवलाय.

नंबरवर जाऊच नका. प्रत्येक व्हायरसची जीन्स त्याच्या त्याच्या जीनोमवर मोजत गेलेत, त्यामुळे नंबर सारखा आला म्हणजे जीन तीच असं काही नसतं. एचएसव्हीची यूएल२७ म्हणजे ग्लायकोप्रोटीन बी (व्हायरसच्या वेष्टणावरचं एक प्रोटीन), तेच सीएमव्हीत यूएल५५ आहे, कांजिण्यांच्या व्हीझेडव्हीत ओआरएफ३१ आणि ईबीव्हीत (एपस्टाइन-बार व्हायरस) बीएएलएफ४. सीएमव्हीची यूएल२७ वेगळीच कोणीतरी आहे.

आता जोडी बरोबर लावली तरी डीएनएवर फारसं हाती लागणार नाही, कारण एकतर ब्लास्ट बाय डिफॉल्ट मेगाब्लास्ट चालवतं जे अगदी जवळच्या सिक्वेन्ससाठी आहे, आणि दुसरं म्हणजे जीसी प्रमाण (डीएनएत जी आणि सी ही अक्षरं किती), एचएसव्ही-१ मध्ये ते ६८ टक्के आणि व्हीझेडव्हीत ४६, हे दोघं तर हर्पिसच्या अल्फा, बीटा, गॅमा गटांपैकी एकाच अल्फा गटातले! अमिनो आम्ल तेच राहतं पण कोडॉनचं (अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन अक्षरांचं) तिसरं अक्षर बदलून जातं. म्हणून प्रोटीन घ्या, ब्लास्टपी (ब्लास्टचं प्रोटीनवालं रूप) चालवा, अलाइनमेंट प्रोटीनची करा आणि हवं तर नंतर कोडॉनवर परत या. डीएनए चालतो तो सख्ख्या भावंडांत, म्हणजे एचएसव्ही-१ आणि २ (प्रोटीन बनवणाऱ्या भागांत साधारण ८३ टक्के साम्य), किंवा मानवी हर्पिसव्हायरस ६ए आणि ६बी (साधारण ९० टक्के), यांच्यात. लांबच्यांसाठी सगळ्यांत असलेली चाळीसेक मूळ जीन्सच कामाची, त्यात डीएनए पॉलिमरेज आणि ग्लायकोप्रोटीन बी माझे आवडते. अख्खे जीनोम एकमेकांवर ठेवायच्या भानगडीत पडू नका, अल्फा-बीटा-गॅमा गटांत जीन्सचे गठ्ठे जागा बदलून बसलेत.

आणि स्ट्रेन, म्हणजे व्हायरसचा वाण, बघून घ्या. एडी१६९ हा सीएमव्हीचा जुना लॅब स्ट्रेन, वाढवता वाढवता त्याचा १५ हजार बेसचा तुकडा गळालाय, ईबीव्हीच्या बी९५-८ मध्येही १२ हजारांच्या आसपास गायब. तिथे जीन दिसली नाही म्हणजे व्हायरसलाच नाही असं लिहून बसाल. सीएमव्हीसाठी मर्लिन स्ट्रेन घ्या.

थायमिडिन कायनेज (एचएसव्हीत अशा औषधांना पहिला फॉस्फेट लावणारं एन्झाइम) मात्र सीएमव्हीत खरंच नाही, कुठलाही स्ट्रेन घ्या. गॅनसायक्लोव्हिर या सीएमव्हीवरच्या औषधाला पहिला फॉस्फेट तिथे यूएल९७ लावते. तिची एचएसव्हीतली बहीण यूएल१३, शोधून बघा, प्रोटीननेच सापडेल.