जिवाणूच्या पेशीत प्रथिने इकडून तिकडे कशी पोहोचतात?

बेळगावात बी.एस्सी. करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की जिवाणूत प्रथिने वाहून नेणारी मोटर-प्रथिने सहसा नसतात, तर ती योग्य जागी जातात कशी? बहुतांशी केवळ विसरणाने, म्हणजे पाण्याच्या रेणूंचे धक्के खात दिशाहीन भटकत; आणि ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूची पेशी जेमतेम २ मायक्रोमीटर लांब असल्यामुळे तेवढे पुरते.

मात्र पेशीद्रव म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. त्यात दर लिटरला सुमारे ३०० ते ४०० ग्रॅम प्रथिने, आरएनए वगैरे महारेणू दाटलेले असतात, त्यामुळे प्रथिनाची गत गणेशचतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी बेळगावच्या गणपत गल्लीतील बाजारात शिरलेल्या माणसासारखी होते. जीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन पाण्यात सेकंदाला सुमारे ८७ चौरस मायक्रोमीटर या विसरण गुणांकाने (हा आकडा जितका मोठा तितके पसरणे वेगवान) पसरते, ई. कोलायमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तो सुमारे ७.७ भरला. तरीही पेशीची लांबी ओलांडायला पाव सेकंदाच्या आसपासच वेळ लागतो. (अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो, हे परीक्षेसाठीही ध्यानात ठेवावे.)

मोजण्याची रीत सुंदर आहे: लेझरने पेशीच्या एका टोकाची चमक घालवायची आणि उरलेले चमकते रेणू तिथे किती वेळात पसरतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे.

पेशीपटलातील, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणातील, प्रथिने याहून पुष्कळच संथ असतात. मिनडी हे प्रथिन मात्र एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) खर्चून पटलाला चिकटते, सुटते आणि विसरणानेच दुसऱ्या टोकाला जाते. या येरझारांमुळे पेशीविभाजनाची जागा मधोमध ठरते.