उशीवरून मान उचलता येते का बघ

बेटा,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला. थीसिसला फवारणीच्या औषधाच्या विषबाधेचे पेशंट घेतो म्हणतोस ते एकदम बरोबर, कपाशीची फवारणी सुरू झाली की आपल्या आयसीयूत तेच असतात, आणि 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तू बारावीत असशील तेव्हा पेपरात वाचलंच असशील. पण अॅडमिशनच्या वेळचं कोलिनएस्टरेज, म्हणजे हे विष रक्तातलं जे एन्झाइम बंद पाडतं त्याचा रिपोर्ट, आणि पेशंटचं पुढं काय झालं, हा तू धरलेला विषय मला पटला नाही.

का ते सांगतो. पामचं, म्हणजे ते एन्झाइम परत चालू करणाऱ्या उताऱ्याचं, उदाहरण घे. 2006 मधे आपल्या बारामतीच्या डॉक्टरांची ट्रायल लॅन्सेट या जर्नलमधे आली, 200 पेशंट, सगळ्यांना आधी 2 ग्रॅम, मग अर्ध्यांना तासाला 1 ग्रॅम सतत ड्रिपमधून आणि अर्ध्यांना दर चार तासांनी 1 ग्रॅम, मृत्यू 1 टक्का विरुद्ध 8 टक्के. मग 2009 मधे श्रीलंकेची आली, 235 पेशंट, पाम विरुद्ध प्लेसिबो म्हणजे नुसतं सलाइन, रक्ताच्या लाल पेशींमधलं तेच एन्झाइम पामनं चांगलं वर आलं आणि तरी पामवाल्यांत जवळपास 25 टक्के दगावले, प्लेसिबोवाल्यांत 16. हा फरक योगायोगानंही पडू शकतो एवढाच आहे, तेव्हा पाम मारतं असं लिहू नको, पण रिपोर्ट सुधारला आणि माणूस नाही सुधारला हे मात्र डोळ्यासमोर ठेव. दोन्हीकडचे डोस वेगळे, पेशंट वेगळे, म्हणून मी एकालाही खोटं म्हणत नाही.

आता माझी चूक ऐक. रेसिडेंट होतो, रात्रीचे दोन, तिशीतला शेतकरी, मॉनिटरवर पल्स 130, आणि मी घाबरून छातीतला स्राव सुकवणारं अॅट्रोपिन थांबवलं. छातीला स्टेथो लावला असता तर दोन्हीकडं खरखर ऐकू आली असती, पण मी स्क्रीनकडं बघत बसलो आणि पहाटे त्याला श्वासाची ट्यूब टाकावी लागली. पल्स वाढलेली असली म्हणून अॅट्रोपिन थांबवायचं नसतं, ते छाती कोरडी होईपर्यंत, वरचं बीपी आणि पल्स 80 च्या वर येईपर्यंत, काख कोरडी होईपर्यंत द्यायचं, दर पाच मिनिटांनी बघून डोस दुप्पट करत. बांगलादेशात 2012 मधे 156 पेशंटवर हेच तपासलं, दुप्पट करत जाणाऱ्या आणि मग ड्रिप लावलेल्या गटात 8 टक्के गेले, जुन्या पद्धतीच्या गटात 22.5. औषध तेच, अन् ते स्वस्तातलं औषध आहे रे, आपल्या पीएचसीतही मिळतं.

म्हणून माझं म्हणणं, तू थीसिसला मान घे. विष उतरल्यासारखं वाटतं, पेशंट बोलायला लागतो, नातेवाईक चहा प्यायला खाली जातात, आणि साधारण 24 ते 96 तासांच्या मधात श्वासाचे स्नायू ढिले पडतात, याला इंटरमिजिएट सिंड्रोम म्हणतात, श्रीलंकेच्याच डॉक्टरांनी 1987 मधे लिहिलं. बऱ्याचदा आधी मान जाते. दर सहा तासांनी पेशंटला उशीवरून मान उचलायला सांग, किती सेकंद धरतो ते लिही, आणि पुढं व्हेंटिलेटर लागला का ते बघ. यंत्र लागत नाही, खर्च नाही, आणि उद्या तालुक्याच्या दवाखान्यातली सिस्टरही करू शकेल.

प्रोफॉर्मात, म्हणजे पेशंटची माहिती भरायच्या फॉर्ममधे, विष कधी गेलं, आपल्याकडं किती वाजता आला, पहिलं अॅट्रोपिन किती वाजता, हे तीन कॉलम आधी टाक. नातेवाईक घड्याळाची वेळ सांगत नाहीत, "सकायच्या पारी फवारत होता" असं सांगतात, मग बस येऊन गेली होती का, गाई सुटल्या होत्या का असं विचारत वेळ काढ, आणि अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिही. रिकामी जागा नंतर आठवून भरू नको, रात्री कितीही झोप आली तरी.

संमतीपत्र पेशंटच्या बायकोला वाचून दाखव, नुसता अंगठा घेऊ नको. तिला पहिलं विचारायचं असतं की वाचन का हो मा मानूस, म्हणजे माझा माणूस जगेल का, त्याचं उत्तर देऊन मग कागद काढ. डिस्चार्जनंतर 28 दिवसांनी फोन कर, तिचा लागला नाही तर गावातल्या आशाताईला कर, तिचा नंबर अॅडमिशनलाच घेऊन ठेव.

एथिक्स कमिटीत कागद टाकायच्या आधी मला पाठव. मान किती सेकंद धरली तर चांगलं मानायचं, तो आकडा पेशंट बघण्याआधी ठरवून लिहायचा आहे, त्यावर रविवारी बसू.

तुझा सर