कथा अडली तं काय करायचं
बापू, कथा अडली म्हणून वही फेकू नको. माही एक कथा पोळ्यापासून दिवाळीपर्यंत एकाच पानावर अडकली होती, बाप कर्ज थकल्याचं सांगाले घरी येते अन् दारातच उभा, पुढं सुचेच ना. मी त्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली होती ना! मंग वेचणीत पाह्यलं, एका बाईच्या बोटाले बोंडाचं टोक लागून रक्त आलं तरी ओटीत कापूस भरणं सुरूच. तेच बोट मी कथेतल्या बापाच्या बायकोले देलं, अन् ती वऱ्हाडीत बोलली, "आंधी पाणी प्या." सीन चालू लागला. तू बी जो सीन डोळ्यापुढं दिसते तो आंधी लिही, मधलं राहू दे, अन् उठताना शेवटचं वाक्य अर्धंच ठेव, उद्या तिथूनच धरता येते.