मशीनवर नेमकं कोण बसलंय?

प्रश्न : आमच्या सीए ऑफिसच्या विंडोज सर्व्हरवर दोघं रिमोटने आत असले की तिसऱ्याला घेत नाही. मात्र बरेचदा आत कोणी कामच करत नसतं. मग जागा कोण अडवतं?

जे घरी गेलेत तेच. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली की आपण बाहेर पडलो, असा सार्वत्रिक समज आहे. फुलीने फक्त जोडणी तुटते, सेशन (म्हणजे सर्व्हरवर उघडलेलं त्या माणसाचं काम) आत तसंच चालू राहतं. वेगळे परवाने घेतले नसतील तर सर्व्हर अशी दोनच रिमोट सेशन्स देतो.

ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'क्वेरी युजर' ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. सेशनच्या नावाच्या रकान्यात 'कन्सोल' असेल तर तो माणूस प्रत्यक्ष सर्व्हरच्या कीबोर्डवर आहे. 'आरडीपी-टीसीपी' (आरडीपी म्हणजे रिमोट डेस्कटॉपची जोडणी) आणि पुढे आकडा असेल तर रिमोटने आलाय. हा रकाना कोरा आणि स्थिती 'डिस्क' (Disc, म्हणजे डिस्कनेक्टेड, जोडणी तुटलेली) असेल, तर तोच तुमचा घरी गेलेला गडी. किती वेळ हालचाल नाही, तेही पुढे दिसतं. तिथे '3+04:12' असेल तर 3 दिवस, 4 तास, 12 मिनिटं.

त्या ओळीतला आयडी बघून 'लॉगऑफ' आणि तो आकडा दिला की जागा मोकळी. पण आधी फोन करा! मी एकदा उत्साहात असंच एकाला बाहेर काढलं आणि त्याची दुपारभर भरलेली, सेव्ह न केलेली एक्सेल शीट गेली. पुढे बरेच दिवस त्याने मला चहा विचारला नाही. रोजचीच कटकट असेल तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायच्या सेटिंग्जमध्ये) तुटलेल्या सेशनसाठी वेळमर्यादा घाला. अर्थात तीही सेव्ह न केलेलं काम राखत नाही, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये रात्री 3 वाजताचं लॉगऑन दिसतं. नाव 'डीडब्ल्यूएम-1'. हॅक झालंय का?

नाही. पडद्यावरच्या खिडक्या रंगवणाऱ्या विंडोजच्याच भागाचं ते खातं आहे. 'यूएमएफडी-0' दिसलं तरी घाबरू नका, ते फॉन्टचं. गंमत म्हणजे दोन्हींची नोंद माणसासारखी, प्रकार 2 म्हणून होते, म्हणून भलेभले दचकतात.

4624 क्रमांकाच्या नोंदीत 'लॉगऑन टाइप' बघायची सवय लावा. 2 म्हणजे समोर बसून, 3 म्हणजे नेटवर्कवरून (कोणी शेअर केलेलं फोल्डर उघडलं तरी येतो), 5 म्हणजे सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम), 7 म्हणजे लॉक उघडलं, 10 म्हणजे रिमोट डेस्कटॉप. ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कबाहेर, साठवलेल्या पासवर्डवर उघडला तर 11. रिमोटने जुन्याच सेशनमध्ये परतलेला माणूस बरेचदा 10 ऐवजी 7 दाखवतो, तेव्हा नोंदीतला नेटवर्क पत्ताही वाचा. काळजी करायचीच असेल तर 4625, म्हणजे फसलेल्या लॉगऑनची रांग लागलीय का, ते बघा.

प्रश्न : घरच्या पीसीवर 'क्वेरी युजर' चालतच नाही.

होम आवृत्तीत ती आज्ञा येत नाही. टास्क मॅनेजरमधला 'युजर्स' टॅब उघडा. मुलांनी 'स्विच युजर' करून मागे सोडलेली खाती आणि त्यांनी खाल्लेली मेमरी तिथे दिसेल.

प्रश्न : उबुंटूत (लिनक्सवर) 'हू' (who) ही आज्ञा दिली की माझंच नाव तीनदा. शिवाय मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर होत नाही.

तीन माणसं नाहीत, तीन दारं आहेत. 'टीटीवाय' म्हणजे मशीनचा स्वतःचा पडदा, 'पीटीएस' म्हणजे टर्मिनलची खिडकी किंवा एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनलमध्ये शिरायच्या सोयीने) आलेली जोडणी. ओळीच्या शेवटी कंसात आयपी पत्ता असेल तर ती बाहेरून आलेली. तो पत्ता तुमच्या ओळखीचा नसेल, तर 'डब्ल्यू' (w) ही आज्ञा देऊन तिथे काय चाललंय ते लगेच पाहा.

स्क्रीन शेअरसाठी सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली विंडोइंग सिस्टीम (पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) तपासा. ती वेलँड असेल तर काही मीटिंग ॲप्सना स्क्रीन शेअर करायला अडतं; मग लॉगआउट करा, नावावर क्लिक करा, पासवर्ड टाकण्याआधी कोपऱ्यातल्या चक्रातून 'झॉर्ग' (Xorg, जुनी यंत्रणा) निवडा. तो पर्याय दिसलाच नाही, तर मीटिंग ॲपऐवजी ब्राउझरमधून शेअर करून बघा. तिथे वेलँडवरही बहुधा जमतं.