आधी लिहून ठेव, मग चमत्कार म्हण

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

रोजच्या धबडग्यात देवाचा हात कुठला आणि योगायोग कुठला हे ओळखायचं कसं, असं तू विचारलंस. असं तपासून बघणं म्हणजे अविश्वास तर नव्हे ना, ही धास्तीही तुझ्या शब्दांत जाणवली. आधी तिच्याबद्दल लिहितो, कारण ती मनात असेल तर पुढचं काहीच नीट जमणार नाही.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, पहिल्या अध्यायात, येशूने एका कुष्ठरोग्याला हात लावून शुद्ध केलं आणि लगेच सांगितलं, जा, स्वतःला याजकाला, म्हणजे पुरोहिताला, दाखव. हे दाखवणं म्हणजे काय, ते जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या १४व्या अध्यायात वाच. याजकाने छावणीबाहेर जाऊन त्याला पाहायचं. मग कपडे धुणं, मुंडण, सात दिवस स्वतःच्या तंबूबाहेर मुक्काम. सातव्या दिवशी पुन्हा मुंडण, दाढी आणि भुवयांसकट. आठव्या दिवशी अर्पण. ज्याने बरं केलं, त्यानेच या सगळ्यातून जायला पाठवलं. प्रेषित पौलही थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला सर्व गोष्टींची पारख करायला सांगतो. तेव्हा निर्धास्तपणे तपास कर.

तपास किती काटेकोर असू शकतो, हे फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी दिसतं. तिथे १८८३पासून एक वैद्यकीय कार्यालय आहे. बरं झाल्याच्या ७,०००हून जास्त नोंदी तिथे झाल्या. त्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केल्या त्या सत्तरीच्या जरा वर. आजार गंभीर हवा, निदान पक्कं हवं, उपचारांनी गुण आला असं म्हणता येऊ नये, गुण एकाएकी आणि पूर्ण यावा, आणि तो टिकावा. डॉक्टर फक्त एवढंच सांगतात की आजच्या वैद्यकशास्त्राला हे उलगडत नाही. चमत्कार म्हणायचं की नाही, ते बिशप ठरवतात. कामाची ही वाटणी मला फार मोलाची वाटते.

पण तुझा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे, आणि तिथे ‘उलगडत नाही’ ही अट लावायची गरज नाही. निर्गम पुस्तकाच्या १४व्या अध्यायात मिसरातून निघालेल्या इस्राएलासाठी समुद्र दुभंगला तो कसा? परमेश्वराने रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहवला. कारण शास्त्रानेच सांगून टाकलंय! वारा होता म्हणून देव नव्हता, असं इस्राएलाने म्हटलं नाही. वारा नेमका कधी सुटला आणि त्यातून कोण वाचलं, हे त्यांनी पाहिलं. योहान तर येशूच्या कृत्यांना ‘चिन्हे’ म्हणतो. चिन्ह कशाकडे बोट दाखवतं, ते पाहायचं असतं. काना गावातल्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. तिथे दगडाचे सहा रांजण होते, एकेकात अंदाजे ८० ते १२० लिटर पाणी मावणारे. द्राक्षारस चाखणाऱ्या भोजनकारभाऱ्याला तो कुठून आला ते कळलं नाही. पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र माहीत होतं. म्हणून ज्या माणसासाठी प्रार्थना करशील, त्याच्या कामालाही हात लाव. लांबून पाहणाऱ्याच्या नजरेतून बरंच निसटतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. एक साधी वही घे. प्रार्थना करण्याआधी तारीख घाल आणि मागणं एका वाक्यात लिही, पुरेसं नेमकं. ‘घरात शांती दे’ असं लिहिलंस तर कुठलाही बरा दिवस उत्तर ठरेल. ‘आई आणि मावशी एकमेकींशी पुन्हा बोलू लागोत’ असं लिही. खाली चार-पाच ओळी कोऱ्या सोड. काही घडलं की त्याच दिवशी तिथे लिही: काय घडलं, कोणी पाहिलं, त्यामागे साधं कारण काय असू शकतं. हे शेवटचं प्रामाणिकपणे लिही. मावशीने फोन केला, कारण बहिणीची तब्येत बिघडल्याचं तिला कळलं होतं, तर तेही लिही. मग महिन्याने आणि पुन्हा सहा महिन्यांनी त्याच पानावर ये. बोलणं टिकलं का? कोणी कोणाला क्षमा केली का? तुझ्यात काय बदललं, उपकारस्तुती वाढली की नुसती फुशारकी? हे फळ पाहिल्याशिवाय पानावर ‘चमत्कार’ हा शब्द लिहू नकोस.

ज्यांचं उत्तर आलं नाही, ती मागणीही खोडू नकोस. बहुतेकांची वही इथेच बिघडते: मिळालेलं आठवतं, न मिळालेलं विरून जातं, आणि वर्षभराने सगळ्याच प्रार्थना ऐकल्या गेल्यासारखं वाटतं. मग पहिला मोठा घाव बसला की सगळा विश्वास एकदम ढासळतो. प्रेषितांच्या कृत्यांचा १२वा अध्याय यासाठी जपून ठेव. त्याच अध्यायात प्रेषित याकोब तलवारीने मारला जातो आणि प्रेषित पेत्र तुरुंगातून सुटतो. याकोबाचा विश्वास कमी पडला, असं ते पुस्तक लिहिणारा लूक म्हणत नाही. तूही कोणा आजाऱ्याला तसं कधी म्हणू नकोस. त्या एका वाक्याने माणसं देवापासून तुटतात. त्या अध्यायात आणखी एक गंमत आहे: मंडळी पेत्रासाठीच प्रार्थना करत होती, आणि तो दाराशी आल्याचं रुदा नावाच्या दासीने सांगितलं तर तिलाच वेडी ठरवलं. आणि हेही बघ, लोखंडी दरवाजा आपोआप उघडला, पण कंबर बांधणं आणि पायांत वहाणा घालणं देवदूताने पेत्रालाच करायला लावलं.

म्हणून औषध थांबवू नकोस. गोळी, तपासणी, डॉक्टरांची तारीख, सगळं चालू ठेवून प्रार्थना कर. ‘बरं वाटलं तर देव खरा’ म्हणून डोस चुकवणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक असं सैतान म्हणाला, तेव्हा येशूने तेच नाकारलं.

चमत्काराचे पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. जुन्या करारात अरामी सेनापती नामान कोडातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याने त्याने देऊ केलेली भेटवस्तू घेतली नाही. अलीशाचा चाकर गेहजी याने मागे धावत जाऊन दोन किक्कार (एक मोठं वजनी माप) चांदी आणि दोन पोशाख घेतले, आणि नामानाचं कोड त्याला लागलं.

मंडळीत साक्ष द्यायची झाली तर वहीतून वाचून दे. ‘प्रार्थनेने गाठ नाहीशी झाली’ असं न म्हणता ‘आम्ही प्रार्थना केली, उपचार चालू होते, नव्या रिपोर्टमध्ये गाठ दिसली नाही, मी देवाचे आभार मानतो’ असं सांग. आजाऱ्याचं नाव घेण्याआधी त्याला विचार. ऐकणाऱ्यांना साक्ष फिकी वाटेल या भीतीने एक शब्दही वाढवू नकोस.

आज रात्री पहिल्या पानावर तारीख घाल आणि एकच मागणं लिही. सहा महिन्यांनी ते पान मला दाखव, कोरं राहिलं असलं तरी.

ख्रिस्तात तुझा,
एक वडीलधारा