दुरुस्ती गरजेची आहे असं सांगूनही गिऱ्हाईक ‘नको’ म्हणालं, तर रिपेअरिंगवाल्यानं काय करावं?

तुम्ही लिहिलंय, दुकान टाकून सहा महिने झालेत. गेल्या आठवड्यात एका शिक्षिकेच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क जायला टेकलीय असं तुम्ही सांगितलंत, त्या म्हणाल्या, ‘नको, स्लो झालाय तेवढं बघा,’ आणि लॅपटॉप घेऊन गेल्या. उद्या डिस्क उडाली की नाव आपलंच निघणार, ही तुमची धास्ती. मी सांगलीत अठरा वर्षं हेच काम करतो. धास्ती खरी आहे. पण आपल्या नावापेक्षा मोलाचं काहीतरी त्या डिस्कमध्ये आहे, आणि दुरुस्तीला नकार मिळाला तरी ते वाचवता येतं. हे मला उशिरा कळलं.

२०२२ च्या फेब्रुवारीत मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत्यांचा कॉम्प्युटर आला. तक्रार एवढीच, की हिशेबाचं टॅली उघडायला पाच मिनिटं लागतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर लावलं तर पिवळं ‘कॉशन’, म्हणजे सावध राहा. सी५ च्या ओळीत, म्हणजे डिस्कवरचे जे सेक्टर (माहिती ठेवायचे छोटे कप्पे) वाचता येत नाहीत त्यांच्या ओळीत, आकडा दिसत होता. संध्याकाळी परत बघितलं तर तो वाढलेला. केस उघडून कान लावला की मधूनच ‘टिक्… टिक्’ ऐकू यायचं. डिस्कवरची माहिती वाचणारं हेड एकाच जागेवर पुन्हा पुन्हा वाचायला बघत होतं. मी म्हटलं, “अण्णा, बॅड सेक्टर आलेत, डिस्क बदलूया.” २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली नवी डिस्क, तेव्हा दोन हजारांच्या आसपास मिळायची. अण्णा म्हणाले, “चालतंय की ओ अजून. मार्च होऊ दे, मग बघू.” मी बरं म्हटलं, टेंपररी फाइली साफ केल्या, तीनशे रुपये घेतले आणि कॉम्प्युटर दिला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा मुलगा तोच कॉम्प्युटर रिक्षात घालून घेऊन आला. कॉम्प्युटर चालू होताना बायोसला (आतले भाग तपासणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमला) डिस्कच दिसत नव्हती. पुण्याच्या डेटा रिकव्हरीवाल्यांनी पाच आकडी रक्कम सांगितली, अण्णांनी ती भरली, तरी शेवटच्या चार महिन्यांचा हिशेब परत आला नाही. शेतकऱ्यांना दिलेल्या हिशेबपट्ट्यांच्या कार्बन कॉप्या समोर ठेवून दोन माणसं तीन आठवडे टॅलीत नोंदी भरत होती. अण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण त्यांचा टॅलीचा सगळा डेटा शंभर एमबीसुद्धा नव्हता. पेनड्राइव्हवर घ्यायला मला पाच मिनिटं पुरली असती. डिस्क बदलायला नको म्हणाले, म्हणून मी तेवढंही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी या दोन गोष्टी वेगळ्या बोलतो. डिस्क बदलायची की नाही, हे मालकानं ठरवायचं. पैसा त्याचा आहे. पण गरजेच्या फाइली आज दुसरीकडं गेल्या पाहिजेत, याचा मी आग्रह धरतो आणि त्याचे पैसे घेत नाही. त्यांचीच पेनड्राइव्ह, त्यांनी दाखवलेले फोल्डर, आणि कॉपी होताना ते शेजारी बसलेले. माझ्याकडं काही ठेवत नाही. फोटो, कागद हा त्यांचा खासगी ऐवज आहे. एक काळजी घ्या. डिस्क अशी कमजोर झालेली असताना आधी चेकडिस्क (डिस्क तपासणारा) किंवा डीफ्रॅग (फाइली नीट लावणारा) हे विंडोजमधले प्रोग्रॅम लावू नका. त्यानं हेड दुखऱ्या जागांवर पुन्हा पुन्हा फिरत राहतं, आणि राहिलेली धुगधुगी संपते. आधी कॉपी, तीही सगळ्यात महत्त्वाच्या फोल्डरपासून, गाणी-सिनेमे शेवटी.

लोक नको का म्हणतात, याचा मी बराच विचार केलाय. चिकटपणा फार कमी वेळा असतो. कधी तो महिनाच अडचणीचा असतो, पोरांच्या फिया असतात, उसाचं बिल यायचं असतं. पण जास्त वेळा आधी कुणीतरी फसवलेलं असतं. माझ्याकडं एक बाई आल्या होत्या, त्यांना दुसरीकडं ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून सांगितलं होतं. मी त्यांच्यासमोर रॅम काढली, तिचे पिवळे कॉन्टॅक्ट शाळेच्या खोडरबरानं पुसले, परत बसवली. कॉम्प्युटर चालू झाला. अशा माणसाला उद्या मी खरंच मदरबोर्ड गेलाय म्हणून सांगितलं, तर त्यानं का विश्वास ठेवावा? आपल्यातल्याच काहींनी केलेल्या लबाडीची किंमत ते नकारानं वसूल करतात, आणि नुकसान शेवटी त्यांचंच होतं. मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून मी मशीन गिऱ्हाइकासमोरच उघडतो. पंख्यातली धूळ दिसली की लोक लगेच ‘करून टाका’ म्हणतात, कारण ती डोळ्यांना दिसते. डिस्कचं मरण दिसत नाही, ते दाखवावं लागतं. मी त्यांना आवाज ऐकवतो, तो पिवळा चौकोन दाखवतो. ‘बॅड सेक्टर’ हा शब्द वापरत नाही. वहीची पानं ओली होऊन एकमेकांना चिकटायला लागलीत, आज काही उघडतायत, उद्या किती उघडतील सांगता येत नाही, असं म्हणतो. आणि एकच प्रश्न विचारतो: “हे आत्ता बंद पडलं, तर यातलं काय गेलेलं तुम्हाला चालणार नाही?” माणूस गप्प होतो. मग म्हणतो, मुलीच्या बारशाचे फोटो आहेत.

कधी कधी मात्र नाही आपण म्हणायचं असतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णा नदी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर लोक गच्चीवर वाळवलेले सीपीयू घेऊन यायचे: “कडक वाळलंय, फक्त चालू करून बघा.” साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून पुराचं पाणी आत गेलेलं. मिनिटाला ७२०० वेळा फिरणाऱ्या तबकडीवर गाळाचा एक कण आला तरी चरा पडतो. मी सांगायचो, वीज लावणार नाही; डेटा हवा असेल तर ही डिस्क न उघडता, आणखी न वाळवता डेटा रिकव्हरीच्या लॅबला पाठवा. त्यावरून भांडणं झाली. आजही मी तेच करीन.

फुगलेल्या बॅटरीबाबत तसंच. टचपॅड वर उचललेला, झाकण नीट बसत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं, “चार्जर लावूनच वापरतो, राहू दे.” लिथियमची फुगलेली बॅटरी दाबली किंवा भोसकली गेली तर पेट घेऊ शकते, आणि हा लॅपटॉप रात्री गादीवर चार्जिंगला असतो. नवी घ्या असा आग्रह मी करत नाही. जुनी काढून घेतो, फुकट. बहुतेक लॅपटॉप बॅटरीशिवाय ॲडॅप्टरवर चालतात.

पण सगळ्यालाच ‘गरजेचं’ म्हणू नका. विंडोज १० चा सपोर्ट (कंपनीचे नेहमीचे सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून प्रत्येकाला नवं मशीन घ्यायला लावणं बरोबर नाही. नेटबँकिंग आणि जीएसटीचं काम त्यावर चालत असेल तर ठासून सांगा. आजोबा नुसती भजनं ऐकत असतील तर राहू द्या. आपण दहा गोष्टी सांगितल्या की अकरावी खरी असली तरी ऐकली जात नाही.

नकार आला की जॉब कार्डवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, लिहितो: ‘हार्ड डिस्क खराब होत आहे, बदलण्यास सांगितले, ग्राहकाने सध्या नको म्हटले. बॅकअप दिला.’ किंवा ‘बॅकअप नको म्हटले.’ तारीख, सही, आणि त्या पिवळ्या स्क्रीनचा फोटो त्यांच्या व्हॉट्सॲपवर. सही घेताना आवाज नरम ठेवा, नाहीतर माणसाला वाटतं आपण अंग काढून घेतोय. पुष्कळदा ते वाक्य स्वतः वाचल्यावरच लोक म्हणतात, “थांबा, टाका नवी.”

त्या शिक्षिकेला आजच फोन करा. डिस्क बदलायचा विषयच काढू नका. एवढंच विचारा, की निकालपत्रकं आणि प्रश्नपत्रिका दुसरीकडं कुठं ठेवल्यात का. नसतील तर शाळा सुटल्यावर पेनड्राइव्ह घेऊन या म्हणावं, आणि तोवर लॅपटॉप चालू करू नका म्हणून सांगा.