लोकांना पटलेलंच आहे, अडतंय दुसरीकडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहरातल्या सोसायटीची बोअर होळीच्या आधीच दम तोडते, गावाकडे उन्हाळाभर टँकर. दोन्हीकडे पावसाचं पाणी साठवा-मुरवा म्हणून तुम्ही सभेत बोललात, पोस्टर लावलीत, स्लाइड दाखवल्यात. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढे काही हललं नाही. लोकांना पटवायचं कसं, आणि साठवलेलं पावसाचं पाणी पिण्याला चालतं का?

पहिल्याबद्दल माझं मत असं की लोकांना पटवण्यासारखं काही उरलेलंच नाही. टंचाईच्या भागात पाणी जपावं हे न पटलेला माणूस शोधून सापडणार नाही. माणूस गप्प बसतो तो दुसऱ्याच हिशोबाने: खर्च मी करणार, मग पाणी कोणाला मिळणार? याचं उत्तर पोस्टरवर नसतं. आणि ते सोसायटीत वेगळं असतं, गावात वेगळं.

छतावरचं पाणी टाकीत घेणं आणि तेच पाणी जमिनीत मुरवणं, हे दोन्ही आपण 'रेनवॉटर हार्वेस्टिंग' या एकाच नावाखाली खपवतो. व्यवहार म्हणून बघाल तर दोन्ही पार निराळे. टाकीतलं पाणी ज्याची टाकी त्याचं. मुरलेलं पाणी कुंपण ओळखत नाही. भूजल हे जॉइंट खातं आहे; भरणा कोणीही करो, ज्याची बोअर सगळ्यात खोल आणि पंप मोठा, त्याची सही चालते. त्यामुळे टाकीचा प्रचार घरोघरी करता येतो, शेजाऱ्याची बघून माणूस स्वतःची करतो. पुनर्भरणाचा, म्हणजे पाणी मुरवण्याचा, प्रचार एकेकट्याकडे करून उपयोग नाही. तिथे सगळ्यांना एकत्र बसवून आधी उपशाचं बोलावं लागतं, आणि तो विषय कोणाला आवडत नाही.

टाकीच्या बाबतीत मला ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या पट्ट्यातलं काम सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. तिथल्या संघटनांनी एकत्र येऊन २००३ मध्ये दहा लाख टाक्यांचा कार्यक्रम सुरू केला. घराशेजारी १६,००० लिटरची सिमेंटच्या पट्ट्यांची टाकी, छताचं पाणी त्यात. पाच माणसांना आठ कोरडे महिने पिण्या-स्वयंपाकापुरतं पाणी, एवढंच आश्वासन. भागिले करून बघा, माणशी दिवसाला साधारण १३ लिटर येतं. आंघोळीचं, शेतीचं नाव नाही. गवंडी त्याच भागातले शिकवून तयार केलेले, आणि खड्डा खणायला घरची माणसं. छोटं आश्वासन दिलं आणि ते पाळलं गेलं, म्हणून ते पसरलं.

आता तुमची सोसायटी. 'बोअरची गरज कायमची संपेल' असं सभेत बोलला असाल, तर तिथेच गाडी घसरली. हिशोब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गच्ची ८०० चौरस मीटर, पाऊस ६०० मिमी, गळती-बाष्पीभवन धरून ८० टक्के हाती लागलं, तर वर्षाचे ३,८४,००० लिटर. ऐकायला भरपूर वाटतं. पण ४० घरं, १६० माणसं, माणशी १३५ लिटरचा शहरी निकष लावला तर रोजचे २१,६०० लिटर. म्हणजे अख्ख्या वर्षाचा पाऊस अठरा दिवसांत संपला. सभेतला एखादा निवृत्त इंजिनिअर हे मनातल्या मनात करतो आणि तुमच्यावरचा त्याचा विश्वास उडतो. त्याच गच्चीखाली जितके मजले जास्त, तितकं माणशी पाणी कमी; बंगल्याचे आकडे टॉवरला लावू नका.

हाच आकडा दुसऱ्या बाजूने मांडा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी ५ लिटर धरले तर १६० माणसांना दिवसाला ८०० लिटर लागतात, आणि गच्चीवरचं पाणी त्याला वर्षभर पुरून उरतं. अर्थात पावणेचार लाख लिटरची टाकी कोणी बांधत नाही, बांधायची गरजही नसते. पावसाळ्यात पावसाचंच पाणी वापरा आणि तेवढे दिवस बोअरला सुट्टी द्या. ५० हजार लिटरची टाकी मोसमात अनेकदा भरते, अनेकदा रिकामी होते. टाकी लहान असली तरी चालतं, ती रिकामी होत राहिली पाहिजे. जुलैत काठोकाठ भरून ठेवलेली टाकी पुढच्या प्रत्येक पावसात नुसती वाहते. आपल्याकडे 'साठवण' म्हटलं की लोक लोणच्याच्या बरणीसारखं झाकण लावून बसतात!

काम सुरू करण्याआधी एक तपासणी मात्र स्वतः करा, प्लंबरवर सोडू नका. ऐन उन्हाळ्यात, पाऊस नसताना, इमारतीभोवती फिरून गच्चीवरून खाली आलेल्या प्रत्येक पावसाळी पाइपचं तोंड बघा. हाताने चाचपा. ओलं लागलं, साबणाचा वास आला, तर वरच्या कोणीतरी बाल्कनीत वॉशिंग मशीन बसवून तिचं पाणी त्यात सोडलेलं आहे. जुन्या इमारतींत हे सर्रास सापडतं. असा एक पाइप टाकीला किंवा बोअरला जोडला की सगळ्यांचं पाणी बिघडलं, आणि पुढची कित्येक वर्षं त्या सोसायटीत या विषयाचं नाव कोणी काढणार नाही. पार्किंगमधलं आणि रस्त्यावरचं पाणीही बोअरमध्ये सोडू नये, त्यात तेल असतं. ते शोषखड्ड्याकडे वळवा, तोही बोअरपासून लांब.

पुनर्भरणाचा खड्डा असेल तर दरवर्षी मेमध्ये त्याचं झाकण उघडून बघा. वाळूच्या थरावर बारीक गाळाची पापडी धरलेली दिसेल, वाळली की तिला भेगा पडतात. वरची वीतभर वाळू काढून धुवायची, नसेल निघत तर बदलायची. एवढं केलं नाही तर पाणी त्या पापडीवर उभं राहतं आणि ओव्हरफ्लोने गटारात जातं. म्हणजे रचना आहे, फोटो आहे, काम शून्य. हे काम कोण करणार, त्याचं नाव बांधायच्या आधी सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. माझा अनुभव असा की या एका ओळीवर जेवढी चर्चा होते तेवढी खर्चावरही होत नाही, आणि व्हायलाच हवी.

सक्तीचा कायदा आला की आपोआप होईल, असं काही जण म्हणतात. अर्धं खरं आहे. तामिळनाडूने २००३ मध्ये सगळ्या इमारतींना हे बंधनकारक केलं, आणि पुढच्या काही वर्षांत चेन्नईत विहिरींची पातळी वर आल्याचं दिसलंही. पण त्याच चेन्नईचे तलाव २०१९ च्या जूनमध्ये कोरडे पडले. पाऊस कमी झाला हे कारण होतंच. शिवाय सक्तीमुळे खड्डा खणला जातो, त्याची वाळू धुतली जात नाही.

आता गाव. इथे सोसायटीचं गणित चालत नाही, इथे शिवाराचं मांडायचं. समजा गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिमी. शिवारावर पडलं ५०० कोटी लिटर. बेसाल्टसारख्या कठीण खडकात त्यातलं ढोबळमानाने दहाएक टक्के मुरतं, म्हणजे ५० कोटी. दीड हजार वस्तीला माणशी ५५ लिटरने वर्षभराचं घरगुती पाणी किती? साधारण ३ कोटी. मग टँकर का? कारण एक हेक्टर ऊस वर्षाला सुमारे २ कोटी लिटर पितो. २५ हेक्टर ऊस उभा राहिला की गावाचं मुरलेलं सगळं संपलं. जनावरं आणि इतर पिकं अजून धरलेलीच नाहीत. ही बेरीज फळ्यावर एकदा लिहा आणि गप्प बसा. पुढचं लोकच बोलतात. फक्त सभेला बायका असल्या पाहिजेत. हंड्याच्या रांगेत कोण उभं राहतं आणि सभेत कोण बसतं, यातली तफावत हेच अनेक गावांत काम न होण्याचं कारण असतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, पण बहुतेक जण तिथले चर आणि बंधारे बघून परत येतात. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पाणलोटाची कामं झालीच, पण शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, हे ग्रामसभेने ठरवलं. पाऊस संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. पाऊस जेमतेम ४०० मिमीच्या आसपासचा. त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला. भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. राजस्थानात अलवरमध्ये तरुण भारत संघाने १९८५ पासून जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारे मातीचे बांध, बांधायला घेतले, त्यातून अरवरी नदी वाहती झाली, आणि मग नदीकाठच्या गावांनी उपशाचे नियम ठरवायला स्वतःची संसद भरवली. तिन्हीकडे बांधकामाइतकंच वजन नियमाला होतं. नियम नसेल तर बंधारा हा खोल बोअरवाल्याला गावाने दिलेला आहेर.

शेततळ्याबाबत तर मी फारच कडू आहे. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला ते योग्य. पण प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि बोअरचं पाणी उपसून त्यात भरून ठेवायचं, हा प्रकार ठिकठिकाणी चालतो. सगळ्यांचं पाणी एकाच्या तळ्यात येतं, त्यातलं काही उन्हात उडून जातं, आणि नोंद 'जलसंधारण' अशी होते. नाला खोलीकरणाचंही तसंच. गाळ काढा, जरूर काढा. तो बरेच शेतकरी स्वतःच्या खर्चाने शेतात नेतात, त्यामुळे ते काम भागतंही. पण गाळाखालचा मुरूम फोडून पाणीधारक थरात शिरलात, तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी नाल्यात झिरपायला लागतं. कुठे थांबायचं ते पोकलेनवाल्याला विचारू नका, तो तासावर काम करतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला शिवारात आणा. आणि काम माथ्यापासून पायथ्याकडे. वर चर नसताना खाली बंधारा बांधला तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

तुम्ही एकटे काय करू शकता? मोजा. शाळेत पर्जन्यमापक बसवा, आणि गावातल्या पाच-सहा विहिरींची पातळी दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घ्या. लांब पोलादी टेपच्या शेवटच्या दोन मीटरला खडू फासा, टेप सोडा, खडू भिजेपर्यंत खाली जाऊ द्या आणि काठावरचा आकडा वाचा. वर ओढल्यावर ओल्या खडूची रेघ स्पष्ट दिसते, ती कोणत्या आकड्यावर आहे ते वाचा. काठावरच्या आकड्यातून रेघेचा आकडा वजा केला की पाणी किती खोल आहे ते कळलं. सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी. आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. एकदा पावसाळा आणि एकदा उन्हाळा भिंतीवर आला की कोणाची विहीर कोणाच्या बोअरमुळे खाली गेली, याचा अंदाज भाषणाशिवाय येतो. भांडणंही होतील. ती बंधारा बांधायच्या आधी झालेली बरी.

वेळही बघा. पाण्याची सभा जूनमध्ये घेऊ नका, पहिल्या सरीनंतर कोणाला काही आठवत नाही. सभा मार्चमध्ये, काम एप्रिल-मेमध्ये, ताळेबंद ऑक्टोबरमध्ये.

राहिला पिण्याचा प्रश्न. चालतं, नीट घेतलं तर. छत ॲस्बेस्टॉसचं किंवा शिसं असलेल्या रंगाने रंगवलेलं नको. दर पावसाचं पहिलं पाणी सोडून द्या, १०० चौरस मीटरच्या छताला किमान शंभरएक लिटर. कबुतरांचा राबता असेल तर जास्त. टाकी बंद आणि अंधारी हवी, उजेड आत गेला की शेवाळ धरतं. पाणी भरल्यावर एचटूएस कुपीत, म्हणजे जिवाणू तपासायच्या छोट्या बाटलीत, नमुना घेऊन ठेवा, काळा पडला तर जिवाणू आहेत. मग उकळा किंवा क्लोरिन घाला, आणि त्याच दिवशी ओव्हरफ्लोच्या पाइपचं तोंड बघा. त्याला जाळी नसली की पाल किंवा उंदीर तिथूनच आत जातो.